मामांना वाचून दाखवा

लातूरला बदलून आल्यापासून माझ्या गळ्यात एक जास्तीचं काम पडलंय. नव्यानं नोकरीला लागलेल्या पोरापोरींना कार्यालयीन मराठी शिकवायचं. महिन्यातून एकदा, शुक्रवारी दुपारी, तीसेक जण सभागृहात जमतात, पंखे गरगरतात, आणि मी फळ्यावर स्वल्पविराम काढत उभी राहते. एका वाक्यात एकच गोष्ट. क्रियापद हरवू देऊ नका. पूर्णविराम द्यायला लाजू नका. पोरं हुशार आहेत, यात वाद नाही. पण आता त्यांच्या मोबाईलमध्ये असं यंत्र आलंय, की त्यात तोडकंमोडकं काहीही टाका, ते त्याला पैठणी नेसवून परत देतं. गेल्या खेपेला एका पोरानं असाच एक अर्ज वाचून दाखवला. काय शब्द, काय वळणं! शुद्धलेखनाची एक चूक सापडेल तर शपथ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी एवढंच विचारलं, की बाबा, हा कागद वाचून आता कुणी काय करायचं? तो माझ्याकडं बघत राहिला, मग कागदाकडं. यातच आहे मॅडम, म्हणाला. कुठं आहे ते मात्र त्याला सापडेना.

खरं तर मला राग यायला पाहिजे होता. माझा राग दोन जिल्ह्यांत ठाऊक आहे. पण त्या दिवशी राग आला नाही, नांदेडचे मामा आठवले आणि डोळे भरून आले. पोरांना वाटलं मॅडमला बरं वाटत नाहीये. त्यांनी पाणी आणून दिलं. मी वर्ग अर्धा तास आधी सोडला.

नांदेडचं ते ऑफिस माझं पहिलं. जुनी दगडी इमारत, उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, कपाटांवर लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, आणि चार वाजता अख्ख्या मजल्यावर पसरणारा आल्याच्या चहाचा वास. मी कंधार तालुक्यातल्या खेड्यातली. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर बसून अभ्यास केलेली, घराण्यातली पहिली सरकारी नोकरदार. घरी आम्ही लई, न्हाई, करायलो असंच बोलायचो. पण मनाशी एक खूणगाठ बांधली होती. आपलं लिहिणं असं पाहिजे, की ही कुठल्या गावची, कुणाची, हे कागदावरून कुणाला कळता कामा नये. म्हणून मी एक वही केली होती. उपरोक्त, सदरहू, अन्वये, यथोचित, साकल्याने असे जड जड शब्द जुन्या फायलींतून वेचून त्यात लिहून ठेवायची. बायका दागिने जपतात तशी मी ती वही जपायची.

आमचे अधीक्षक पन्नाशी ओलांडलेले. बारीक चणीचे, कानावर पेन्सिलीचा तुकडा. त्यांचे वडील निजामाच्या काळात उर्दूत दरखास्ती, म्हणजे अर्ज, लिहून द्यायचे, त्यामुळं कागद म्हणजे काय हे ह्यांना घरातूनच माहीत होतं. दुसऱ्याचा मसुदा दुरुस्त करताना ते कधी लाल शाई वापरत नसत. लाल शाईनं माणूस घाबरतो, म्हणायचे, आणि घाबरलेला माणूस आणखी अवघड लिहितो. पेन्सिलीनं बारीक खूण करायची आणि काम झालं की खोडून टाकायची.

त्यांचा एक रिवाज होता. दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात मी तो पाहिला नाही. मसुदा कसलाही असो, सहीला आत जायच्या आधी तो मामांना वाचून दाखवायचा.

मामा म्हणजे आमचे शिपाई. चौथी शिकलेले. अख्खं ऑफिस त्यांना मामा म्हणे, आतले साहेबसुद्धा. दाराजवळच्या लाकडी स्टुलावर बसलेले असायचे, पांढरी टोपी, मांडीवर टपालाची वही. गाव हिमायतनगरजवळ. घरी त्यांची बायको एकटी, त्यामुळं शनिवारी दुपार झाली की मामा भोकरच्या एसटीची वेळ बघायला लागायचे, आणि सोमवारी पहाटे निघून सगळ्यांच्या आधी ऑफिसात हजर. येताना आमच्यासाठी काही ना काही आणायचे. कधी हुरडा, कधी हरभऱ्याचा डहाळा. मामींनी दिलंय, म्हणायचे, आणि म्हणताना नव्या नवऱ्यासारखे लाजायचे.

तर त्यांच्यापुढं मसुदा एकदाच वाचायचा. मध्ये थांबून समजावून सांगायचं नाही. वाचताना त्यांच्या मानेकडं लक्ष ठेवायचं. मामा ऐकताना मान हलवायचे, आणि जिथं मान थांबेल तिथं आपलं वाक्य लांबलंय असं समजायचं. तिथं श्वास, म्हणजे तिथं विराम. वाचून झालं की एकच प्रश्न विचारायचा: आता कुणी काय करायचं? अधीक्षकांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "समजलं का, असं विचारायचं नाही. समजलं का म्हटलं की माणूस हो म्हणतो. कसं वाटलं, असंही नाही. ते भाजीला विचारायचं, कागदाला नाही."

माझा पहिला मसुदा पिण्याच्या पाण्याचा होता. गावोगावच्या बोअरचं पाणी तपासायला पाठवा, एवढंच कळवायचं होतं. मी वहीतले निम्मे शब्द त्यात ओतले. एकच वाक्य, चौदा ओळींचं. छाती फुगवून वाचलं. मामांची मान दुसऱ्या ओळीलाच थांबली ती थांबलीच. मग प्रश्न. मामांनी बराच विचार केला आणि म्हणाले, कुनीतरी कुनाला तरी कायतरी पाठवायचं हाय, आन् लवकर पाठवायचं हाय. सगळा हॉल हसला. मी तडक रेकॉर्ड रूममध्ये गेले आणि गठ्ठ्यांच्या मागं उभी राहून रडले. चौथी शिकलेल्या माणसानं माझी मराठी तपासायची? मी बी.ए.ला कॉलेजात पहिली आलेली! काय ऑफिस आहे का तमाशा, असं म्हणत मी दिवसभर कुणाशी बोलले नाही.

तो मसुदा मी पाच वेळा लिहिला. पाचव्यांदा वाचून झाल्यावर मामा म्हणाले, "गावातल्या बोअरचं पाणी ग्रामसेवकानं बाटलीत भरायचं आन् सोमवारच्या आत तपासायला द्यायचं." अधीक्षकांनी कोपऱ्यात आद्याक्षर टाकलं. त्या दिवशी चहा मी पाजला.

मग हळूहळू हात बसला. पाच-सहा वर्षं गेली. घरच्या बोलीतलं काय ओठावर ठेवायचं आणि काय कागदावर, ते कळलं. जे खातं काम करणार त्याचं नाव वाक्याच्या सुरुवातीला टाकायचं, तारीख शेवटाला ढकलायची नाही, दोन 'आणि' एका वाक्यात आले की दुसऱ्याच्या जागी पूर्णविराम द्यायचा, हे सगळं मी पुस्तकातून नाही शिकले, मामांच्या मानेवरून शिकले. मामाही तरबेज झाले होते. कधी कधी स्वतःहून म्हणायचे, ताई, हे 'तात्काळ' काढा की, तात्काळ म्हनलं की कुनी बी घाई करत न्हाई. तेव्हा मी त्यांच्यावर खेकसायचे. आज वाटतं, तसं कुणी म्हणावं म्हणून मी महिन्याचा पगार देईन.

ज्या वर्षी अधीक्षक निवृत्त झाले, त्याच वर्षी मामींना अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली. बोलणं तेवढं शाबूत राहिलं. मुलगी धर्माबादला दिलेली, तिचं लहान लेकरू, ती किती दिवस येऊन राहणार? आठवडाभर शेजारच्या बाया बघायच्या. मामा शनिवारची वाट बघत स्टुलावर बसून राहायचे. त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. हिमायतनगरला आमच्या खात्याचं छोटं ऑफिस होतं आणि तिथं शिपायाची जागा रिकामी होती. विनंती बदल्या वर्षातून एकदाच व्हायच्या, उन्हाळ्यात. अर्ज गेला, बदली झाली, की मामा रोज संध्याकाळी घरी. एवढं एकच त्यांना पाहिजे होतं.

अर्ज मी लिहिते, असं मीच म्हणाले. मला कुणी सांगितलं नव्हतं. अधीक्षकांच्या खुर्चीजवळचं टेबल आता माझं होतं, मसुदे माझ्या हातून जायचे, आणि आपल्या माणसाचं काम आपल्या हातून व्हावं असं मला मनापासून वाटत होतं. एक रविवार मी त्यात घातला. ती जुनी वही काढली. मामांची तीस वर्षांची सेवा, पुराच्या वेळी कमरेएवढ्या पाण्यातून त्यांनी डोक्यावर वाहून वाचवलेले गठ्ठे, एक दिवसही उशीर न केलेला माणूस, आणि आता त्याच्या संसारावर कोसळलेला प्रसंग. तीन पानं झाली. लिहिताना मी स्वतः दोनदा डोळे पुसले. विषयाच्या ओळीत लिहिलं: प्रदीर्घ व निष्कलंक सेवेबाबत नम्र निवेदन. शेवटी लिहिलं, की वरील वस्तुस्थितीचा साकल्याने व सहानुभूतीपूर्वक विचार होऊन उचित न्याय मिळावा. त्या साकल्यानेवर मी किती खूश होते म्हणून सांगू.

गुरुवारी मामांना समोर बसवून तो अर्ज वाचून दाखवला. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. मान हलत नव्हती, पण मी तिकडं बघतच नव्हते, मी माझ्या कागदाकडं बघत होते. वाचून संपलं तेव्हा सगळा हॉल कामं सोडून ऐकत होता. मामांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"कसं वाटलं, मामा?" मी विचारलं.

"लई चांगलं वाटलं, ताई."

मामांनी सही केली, आणि एक प्रत घडी घालून खिशात ठेवली. मूळ अर्ज सोमवारी मुख्य ऑफिसात द्यायचा होता, तो शेवटचा दिवस होता. मी स्वतः जाऊन दिला आणि पोच आणली.

महिन्याभरानं यादी लागली. हिमायतनगरच्या जागेवर कुणीच आलं नव्हतं. मामांचं नाव कुठंच नव्हतं. माझं डोकं फिरलं. पदर खोचला आणि तशीच मुख्य ऑफिसात गेले. तिथल्या कारकुनाला मी काय काय बोलले ते आता लिहवत नाही. गरिबाचे अर्ज तुम्ही उघडून तरी बघता का, इथपासून सुरुवात केली होती. तो भला माणूस. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, कपाट उघडलं, आणि विनंती बदल्यांचा नाही, दुसराच गठ्ठा काढला. त्यावर लिहिलं होतं: इतर निवेदने. त्यातून माझी तीन पानं काढून माझ्या पुढं ठेवली.

"मॅडम, लिहिलंय फार सुंदर," तो म्हणाला. "आम्ही दोघांनी वाचलं. पण यात बदली कुठं मागितलीय?"

मी वाचलं. उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. पूर होता, गठ्ठे होते, अंथरुणाला खिळलेली पत्नी होती, साकल्याने होतं. बदली हा शब्द नव्हता. हिमायतनगर हे नावही नव्हतं. मला ते इतकं माहीत होतं, की लिहायचंच राहून गेलं होतं. यादी निघाली होती, आता पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काही करता येत नव्हतं. मी त्या माणसाची माफी मागितली की नाही, हेसुद्धा मला आठवत नाही.

परत येऊन मामांना खरं खरं सांगितलं. खोटं बोलायचा मोह झाला होता, तो आवरला. मामा एवढंच म्हणाले, की व्हतं असं, पुढच्या साली बघू. आणि माझ्यासाठी चहा सांगायला गेले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ते वर्ष मी कसं काढलं, माझं मला ठाऊक. दर शनिवारी मामा पिशवी घेऊन निघाले, की मी टेबलावरचं काहीतरी उगीच शोधत बसायची. हुरड्याच्या दिवसांत हुरडा आला नाही. त्याच हिवाळ्यात मामींना दुसरा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. जीव वाचला, शुद्ध होती, पण बोलणं कायमचं गेलं. मामा आठ दिवसांनी कामावर आले. स्टुलावर बसले, मांडीवर टपालाची वही घेतली, आणि मला म्हणाले, वाचा ताई, काय हाय ते. मी मसुदा वाचला. मान हलली. कुणी काय करायचं ते त्यांनी बरोबर सांगितलं.

उन्हाळ्यात परत अर्जाची वेळ आली. या वेळी मी पेन त्यांच्या हातात द्यायला लागले, तर म्हणाले, तुम्हीच लिवा, मी सांगतो. त्यांनी सांगितलं ते मी लिहून घेतलं. माझी बायको आजारी आहे. तिला उठता येत नाही आणि बोलता येत नाही. माझी बदली हिमायतनगरला करावी. तिथली जागा रिकामी आहे. चार वाक्यं. शुद्धलेखन तेवढं मी सांभाळलं, दुसरं काही केलं नाही. मग मामा म्हणाले, आता वाचून दाखवा. वाचलं. आणि आजवर जो प्रश्न आम्ही त्यांना विचारत आलो, तो त्यांनी मला विचारला.

"आता कुनी काय करायचं, ताई?"

"मोठ्या साहेबांनी तुमची बदली हिमायतनगरला करायची," मी म्हणाले.

बदली झाली. निरोपाच्या दिवशी नारळ, शाल, भाषणं झाली. अधीक्षकसुद्धा मुद्दाम आले होते, कानावर पेन्सिल नव्हती तर चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. सगळे पांगल्यावर मामा माझ्या टेबलाशी आले. खिशातून एक कागद काढला, घड्यांवर विरलेला. माझीच तीन पानं. मला वाटलं, आता वर्षभराचं साचलेलं बोलणार. मी म्हणाले, मामा, द्या ते इकडं, फाडून टाकू. त्यांनी कागद छातीशी धरला आणि म्हणाले, हे म्या ठिवून घेनार हाय. एवढं चांगलं माझ्याबद्दल कुनी कवा लिवलं व्हतं?

मग आता सांगायला हरकत नाही असं म्हणून त्यांनी सांगितलं. त्या गुरुवारीच त्यांना कळलं होतं, की यात कुणी काय करायचं ते नाही. पण मी तो प्रश्न विचारलाच नव्हता. मी कसं वाटलं विचारलं, आणि त्यांना चांगलं वाटलं होतं. खोटं न्हाई बोललो ताई, म्हणाले. आणि मी रविवार मोडून लिहिलेलं, सगळ्या हॉलसमोर ते बदला म्हणून सांगायला त्यांचा जीव झाला नव्हता.

"शनिवारी घरी गेल्यावर तिला समदं वाचून दावलं," मामा म्हणाले. "एक एक अक्षर लावून. तवा बोलत व्हती ती. लई खूश झाली. मंग म्हनली, समदं चांगलं हाय, पर तुमी घरी कवा येनार, ते कुटं लिवलंय?"

अर्ज द्यायला अजून सोमवार होता. मामा रविवारभर विचार करत राहिले, आणि माझं मन मोडायला नको म्हणून सोमवारी गप्प बसले.

पुढच्या महिन्यातल्या शुक्रवारी मी पोरांपुढं परत उभी राहिले. त्या पोराला तोच अर्ज पुन्हा लिहून आणायला सांगितला होता, यंत्र न वापरता. त्यानं पाच ओळी आणल्या, दोन चुका होत्या, एक स्वल्पविराम भलतीकडं पडला होता. दारात इथल्या ऑफिसच्या शिपाईबाई उभ्या होत्या, त्यांना मी आत बोलावलं, खुर्ची दिली आणि पोराला म्हटलं, यांना वाचून दाखव. वाचून झाल्यावर तो बाईंना विचारायला लागला, कसं वा... आणि मी इतक्या जोरात टेबलावर हात आपटला की बाई दचकून उठल्याच.